पिकअपचं कवच

८ जून, रविवार

भिवाजी गुरुजी म्हणाले, राग आला की माणसांवर ओरडू नका, वहीत लिहा, बीपी खाली येतं. गुरुजी शाळेतून रिटायर झालेत. रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसतात, आमचाच चहा पितात आणि मलाच सल्ला देतात. मला मुळात राग येत नाही. लोक आणतात.

तरी सुरुवात करतो. संकल्प पहिला: आजपासून शांत राहायचं.

आज राग येण्यासारखं काही झालं नाही. फक्त पिकअपचं पोट पुन्हा दगडाला घासलं. आमच्या गावातून तामसीच्या रस्त्याला लागायचं तर नाला ओलांडावा लागतो. नाल्यात दोन्ही बाजूंना गाळ आणि बरोबर मधे एक काळा दगड, बसलेल्या म्हशीसारखा. बैलगाडीचा आख उंच, तिला तो कधी लागला नाही. पिकअपला लागतो. इंजिनाखालचा चेंबर फुटला की सगळं ऑइल नाल्यात.

रुख्मिणी म्हणाली, दगड काढून टाका ना. बायकांना सगळं सोपं वाटतं. दगड काढणं हे पंचायतीचं काम आहे. मी काढला तर माझ्या घामावरून उद्या सगळं गाव फुकट जाईल, आणि सगळ्यात पुढे भगवानराव.

१० जून

भगवानरावाबद्दल एकदाच लिहून टाकतो, म्हणजे बीपीही एकदाच खाली येईल. माझा चुलतभाऊ. वयाने मोठा, म्हणून तोंडावर दादा म्हणावं लागतं. मार्चमध्ये मी कबऱ्या आणि सावकार ही माझी बैलजोडी विकली आणि पिकअप घेतली. सेकंडहँड, पण इंजिन फर्स्ट क्लास. जोडी घेतली कोणी? भगवानरावानं. भाव न करता. भाव न करणाऱ्या माणसाच्या पोटात काय असतं हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्याच्या पोटात पोळा होता. गावात पोळ्याच्या तोरणाखालून पहिली जोडी आमच्या घरची जाते. आजोबांच्या वेळेपासूनचा मान. ज्याच्या दारात जोडी नाही त्याचा मान भावकीत पुढे सरकतो, म्हणजे भगवानरावाकडे. माझेच बैल घेऊन तो माझ्याच मानानं तोरणाखालून जाणार.

पण मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. बैलांच्या पैशातले वीस हजार बाजूला काढून स्टीलच्या डब्यात ठेवलेत. त्यातून पोळ्याच्या आधी गोऱ्ह्यांची एक लहान जोडी आणायची. लहान असली तरी जोडी ती जोडीच. डबा रुख्मिणीकडे आहे. पोळा बावीस ऑगस्टला. भरपूर वेळ आहे.

१५ जून, रविवार

मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. एक दाढीवाला माणूस आपली पिकअप दगडधोंड्यांवरून नेतो आणि खाली उतरून हसतो. त्याच्या गाडीला पूर्ण कवच. पोटाखाली जाड लोखंडी प्लेट, पुढे गार्ड, दोन्ही बाजूंना पाइप. दगड घासतो, ठिणग्या उडतात, आत इंजिन सुखरूप. चार वेळा पाहिला.

माणसाला रस्ता बदलता येत नाही, पण गाडी बदलता येते. हे वाक्य माझं स्वतःचं आहे.

बजेट: पोटाखालची प्लेट, सहा हजार. बाकी काही नाही. डब्यातून तात्पुरते घ्यायचे. गोऱ्हे चौदा हजारांत येतील. जरा बारीक येतील.

गुरुजींना बजेट दाखवलं. ते म्हणाले, चार माणसं आणि दोन पहारी घेतल्या तर दगड तासाभरात निघेल, खर्च फक्त चहाचा. मी म्हटलं, प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे. त्यांनी विचारलं, कोणतं तत्त्व. असल्या प्रश्नांनीच बीपी वाढतं.

१९ जून

आदिलाबादला जाऊन आलो. लखन वेल्डर भेटला. भला माणूस. गाडीखाली आडवा झाला, बॅटरी मारून पाहिलं आणि एकदाही "दगड काढा" म्हणाला नाही. या जिल्ह्यात मला समजून घेणारा हा पहिलाच.

तो म्हणाला, "साब, पेट बचा लिए और मुंह खुला छोड़ दिए, तो क्या फायदा?" मुद्दा बिनतोड होता. पुढचं गार्ड बजेटमध्ये घेतलं. गार्ड साडेआठ हजार. एकूण साडेचौदा.

उरलेल्या साडेपाच हजारांत एक गोऱ्हा येईल. दुसरा कोणाचा तरी दिवसापुरता उसना घेता येईल. जोडीत दोन बैल लागतात, ते एकाच मालकाचे पाहिजेत असं कुठं लिहिलंय?

२० जून

रुख्मिणीकडून डबा मागितला. तिनं लगेच दिला नाही. आधी रिकाम्या गोठ्याकडे पाहिलं आणि विचारलं, जोडी आणायची आहे ना? मी म्हटलं, आणायची आहे.

खोटं बोललो नाही. आणायचीच आहे.

२ जुलै

आजचा संताप वेगळा आहे. भगवानरावाची जोडी, म्हणजे माझी जुनी, संध्याकाळी शेतातून परतताना आमच्या फाटकाशी थांबते. रोज. भगवानराव कासरा ओढतो, हुर्र करतो, ते हलत नाहीत. मग रुख्मिणी आतून दोन भाकरी आणते, एक कबऱ्याला, एक सावकाराला. मग ते जातात.

मी तिला म्हटलं, विकलेल्या मालावर आपला हक्क नसतो. परक्या बैलांना आपल्या ज्वारीच्या भाकरी कशाला? ती म्हणाली, त्यांना सांगा, ते परके झाले म्हणून.

मी भावनिक माणूस नाही. बैल विकले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते कडब्याच्या धुळीनं.

संकल्प: फाटक संध्याकाळी लावून ठेवायचं.

४ जुलै

फाटक लावलं. कबऱ्यानं शिंगानं कडी उघडली. ही कडी मीच त्याच्यासाठी सैल ठेवली होती, पूर्वी. चूक माझी नाही, कडीची आहे.

१३ जुलै, रविवार

प्लेट बसली. गार्ड बसलं. लखननं प्लेट सांगितल्यापेक्षा जाड टाकली, म्हणाला, साब, आपके लिए. असा प्रेमळ माणूस. जास्तीच्या लोखंडाचे जास्तीचे पैसे घेतले, पण प्रेमानं.

गाडी उभी राहिली की काय दिसते! पुढून पाहिलं तर रस्त्यानं बाजूला व्हावं असं वाटतं. नाक मात्र थोडं खाली आलंय. वजनानं. लखन म्हणाला, पाटे कमजोर आहेत, एकेक पाटा वाढवू. म्हणजे गाडी उचलणाऱ्या लोखंडी पट्ट्या. मी विचारलं, आधी का नाही सांगितलं? तो म्हणाला, पहले वजन किधर था, साब?

बरोबर होतं, म्हणून राग आला.

गुरुजी चहाला होते. त्यांनी चष्मा वर करून गाडीखाली पाहिलं आणि म्हणाले, सुरेंद्र, दगड होता तेवढाच आहे, तुझी गाडी खाली आली. मी त्यांना अर्धाच चहा दिला.

२९ जुलै

पाटे झाले. आता नाक वर आलं आणि पाठ खाली गेली. बाजूचे पाइप बसवले की वजन सारखं वाटलं जाईल, असं लखनचं मत. मलाही पटलं, कारण आता मागे फिरलो तर आधीचा सगळा पैसा वाया जाईल. पैसा वाया जाऊ नये म्हणूनच पैसा घालतोय. हे रुख्मिणीला समजत नाही.

पाइपांचेही पैसे देऊन डबा उघडून पाहिला. तीनशे रुपये आणि एक सेफ्टीपिन. सेफ्टीपिन माझी नाही.

एक भाडं होतं, गुडीहत्नूरपर्यंत खताच्या गोण्या. त्या माणसानं गाडीभोवती चक्कर मारली आणि म्हणाला, एवढं लोखंड तर आधीच भरलंय, माझ्या गोण्या कुठं ठेवणार? आणि दुसरी गाडी केली. अडाणी.

४ ऑगस्ट

काल डोक्यात प्रकाश पडला. गोऱ्हे कशाला? पिकअप कशाला घेतली होती? बैलांच्या जागी. मग पोळ्यातही ती बैलांच्याच जागी उभी राहील. ओझं ओढते, शेताचा माल नेते. काळ बदलला, मान कशाला जुना ठेवायचा? आमच्या घरचा मान आमच्या घरच्या गाडीला. पैसेही डब्यातून गाडीतच गेलेत, म्हणजे जोडी आणल्यासारखंच झालं.

हे बजेट पहिल्यापासून बरोबरच होतं, मला फक्त उशिरा कळलं.

१० ऑगस्ट, रविवार

मारुतीच्या पारावर पोळ्याची बैठक. मी उभा राहून मुद्दा मांडला. शांतपणे मांडला. ओरडलो ते शेवटी, आणि तेही लोक हसले म्हणून. एक जण म्हणाला, गाडीला पुरणपोळी कुठून चारणार, डिझेलच्या झाकणातून? गयाबाईनं विचारलं, हिचे पाय कोणते, धुवायचे कोणते? म्हातारी खरंच विचारत होती.

मग भगवानराव बोलला. मला वाटलं आता हा मान मागणार, मी मुठी आवळल्या. तर म्हणाला, "आनू द्या त्याले गाडी. तोरन हातभर उच्च बांधू. मान त्याच्या घरचा हाय."

कोणी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

घरी येईपर्यंत विचार करत होतो. ही चाल आहे. माणूस शत्रुत्व करतो तेव्हा निदान काय करतोय ते कळतं. हा चांगला वागतोय. याच्याइतका राग आजवर कोणाचा आला नाही.

१६ ऑगस्ट

चार दिवस पाऊस. नाल्याला पाणी. गाडी घरीच. गाडीवर ताडपत्री टाकली. कवचाला गंज येऊ नये म्हणून कवचाला ताडपत्री. गुरुजींनी यावरही काहीतरी विचारलं. उत्तर दिलं नाही. संकल्प पाळला.

२० ऑगस्ट

पाणी उतरलं. सकाळी गाडी घेऊन नाला ओलांडला. गाडी रिकामी होती, वेगात होतो, खाली मोठा आवाज झाला पण निघाली. प्लेटचा उपयोग सिद्ध झाला.

लखनकडे शेवटचं काम दिलंय. गार्डच्या दोन टोकांना पाइपाची दोन शिंगं वेल्ड करायची, त्यांना हिंगूळ आणि बेगड लावायची. जोडी नाही, पण शिंगं दोन आहेत. यावर कोणाला काही बोलायला जागा नाही. पैसे पिकअपच्या स्टेपनीचे. स्टेपनी लखनलाच विकली. एवढं कवच असलेल्या गाडीला स्टेपनी लागत नाही.

उद्या खांदमळणी, म्हणजे बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळायचा दिवस. दुपारपर्यंत गाडी गावात आणतो, झेंडू लावतो, परवा तोरण.

२१ ऑगस्ट, गुरुवार

हात दुखतोय, तरी लिहितो.

लखननं दुपारचं सांगून संध्याकाळ केली. शिंगं उत्तम झालीत. नाल्यावर पोचलो तेव्हा सूर्य कललेला. गावातले सगळे बैल धुऊन घरी गेले होते. काठावर नुसती शेणाची आणि साबणाची नक्षी. मी गाडी नाल्यात घातली.

पोटाखालची प्लेट बरोबर दगडावर बसली. घासून पुढं गेली नाही. बसली. मागची चाकं गरगर फिरत होती आणि गाडी जागेवर, कोंबडी अंड्यावर बसावी तशी. एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. इंजिनाला ओरखडाही नाही.

मी हॉर्न वाजवत राहिलो. गाव जमलं. भगवानराव खांद्यावर दोर घेऊन आला, त्याला कोणी बोलावलं नव्हतं. मी त्याला म्हटलं, दोर कशाला, कबऱ्या आणि सावकारला आणा, दोन झटक्यांत काढतील. आम्ही बैलांना इतकी वर्षं उगाच नाही खाऊ घातलं.

तो पाण्यात माझ्या खिडकीपाशी आला. त्याच्या बोटांना हळद आणि तूप लागलं होतं. म्हणाला, "खांद मळली, सुरेंद्र. आता पोळ्यापर्यंत जू नाई ठेवता येत. पन मानकरी तू हायेस. तू म्हन, आनतो."

सगळे माझ्याकडे पाहत होते. रुख्मिणी काठावर उभी होती, तीही. एक शब्द बोलायचा होता फक्त. माझ्या बापानं एका वर्षी खांदमळणीच्या संध्याकाळी बैलगाडी चिखलात रुतली तर ती रात्रभर तशीच ठेवली होती, कापसाच्या बियांसकट. मी तेव्हा त्याला मूर्ख म्हटलं होतं, मनात.

मी म्हटलं, राहू द्या.

का म्हटलं ते माहीत नाही. बीपीमुळे असेल.

मग माणसांनीच ओढली. गाडी माझी, म्हणून दोराचं पुढचं टोक माझ्या खांद्यावर. भगवानराव माझ्या शेजारी. पुढं घेतली की प्लेट अजून अडकायची, म्हणून मागं ओढावी लागली. अंधार पडता पडता निघाली. म्हणजे गाडी नाल्याच्या पलीकडे, तामसीच्या बाजूला. आणि मी अलीकडे, गावात. डाव्या खांद्याची सालं निघालीत.

भगवानराव दोर गुंडाळून निघाला. टोमणासुद्धा मारला नाही. हद्द झाली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

गेलो नाही. ओट्यावर बसलो. ज्याचा मान गेला त्यानं ढोल ऐकायला जायचं काय?

ढोल इथपर्यंत ऐकू येत होते. पोळ्यात म्हणतात त्या झडत्याही. मग ओरडा झाला, म्हणजे तोरण तुटलं, पोळा फुटला. मी आत जाऊन झोपणार होतो, तेवढ्यात फाटकाची कडी वाजली. कबऱ्या. मागोमाग सावकार. शिंगांना हिंगूळ, गळ्यात घुंगरं, पाठीवर झूल, आणि मागं कासऱ्याला लटकत आलेला भगवानराव. पोळा फुटला की बैल आधी मालकाच्या घरी जातात. हे दोघं पळत इथं आले. बैलांना विक्रीचा व्यवहार समजत नाही, हे मी पहिल्यापासून सांगतोय.

रुख्मिणी दारात ताट घेऊन तयारच होती. पाय धुवायला तांब्या भरलेला. पुरणपोळ्या केलेल्या. मला म्हणाली होती, यंदा गोठा रिकामा, साधंच करू. काल मी नाल्यावर पोचायच्या आधीच ही भगवानरावाच्या गोठ्यात जाऊन बैलांना रीतीनं जेवायचं आमंत्रण देऊन आली होती, असं आता कळलं. भगवानरावाच्या हाताची हळदही तिच्याच वाटीतली.

गुरुजी मागून आले. त्यांनी सांगितलं की तोरणाखाली भगवानरावानं जोडी उभी केली आणि पुकारणाऱ्याला माझ्या आजोबांचं नाव घ्यायला लावलं. स्वतःचं घेऊ दिलं नाही. म्हणाला, बैल त्या घरचे, मी कासरा धरणारा. आणि त्यानं ही जोडी मार्चमध्ये भाव न करता का घेतली तेही गुरुजींनी सांगितलं. नाहीतर ती बाहेरगावचा व्यापारी घेऊन गेला असता.

म्हणजे मान आमच्याच घरी राहिला. म्हणजे एका अर्थानं माझं सगळं प्लॅनिंग यशस्वी झालं. हे मी गुरुजींना म्हणून दाखवलं. ते चहा न घेताच गेले.

दारात जोडी आणणाऱ्याला बोजारा द्यावा लागतो, नारळ आणि वर काही पैसे. खिसे तपासले. शेवटी डब्यातले तीनशे भगवानरावाच्या हातावर ठेवले. कवचाच्या बजेटमधला शेवटचा खर्च. माझ्याच बैलांना माझ्याच दारात आणल्याबद्दल. त्यानं नोटा कपाळाला लावल्या.

माझ्याच्यानं त्याच्याकडे बघवेना. हा राग नव्हता. काय होतं ते या वहीत बसत नाही.

सगळे गेल्यावर रुख्मिणी वाटी घेऊन आली. कालचं हळद-तूप उरलं होतं. सदरा काढायला लावला आणि पळसाच्या पानानं माझ्या सोललेल्या खांद्यावर लावलं. आग आग झाली. मी ओरडणार होतो, संकल्प आठवला. लावून झाल्यावर ती बैलांना म्हणतात तसंच म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी म्हटलं, उद्या का? मला आत्ता भूक लागलीय, पोळ्या कुठं आहेत?

"त्या ज्याइच्या होत्या त्याइनं खाल्ल्या."

२४ ऑगस्ट, रविवार

सकाळी भगवानराव, गुरुजी आणि आणखी दोघं पहारी घेऊन नाल्यावर गेले. मला कोणी विचारलं नाही. मीच गेलो. दगड सैल केला, साखळी बांधली, कबऱ्या-सावकारनं ओढला. चहा उकळायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला. पंचायतीचं काम असं फुकट करणं चुकीचं आहे, हे माझं मत मी तिथेही मांडलं, साखळी धरून.

दगड टाकायचा कुठे, असा प्रश्न आला. रुख्मिणी म्हणाली, आमच्या दारात आणा, कपडे धुवायला होईल. आणला. आता त्यावर माझा सदरा आपटणं चालू आहे. आवाज इथपर्यंत येतोय.

पिकअप नाल्यातून आली. खाली कुठंही काही लागलं नाही. गोठा रिकामा आहे म्हणून तिथं लावायला गेलो, तर शिंगं दारात मावत नाहीत. बाहेरच उभी आहे.

लखनला फोन केला, लोखंड परत घेशील का. म्हणाला, हौ साब, भंगार के भाव से.

संध्याकाळी जोडी फाटकाशी थांबली. भाकर मी दिली. दोन दिल्या. रुख्मिणी गयाबाईकडे गेली होती म्हणून. दुसरं काही कारण नाही.